स्वयंपाकघरातील ओट्याचा दगड : निवड, झीज आणि निगा

घर बांधताना ज्या वस्तूंची निवड एकदाच करावयाची असते, परंतु ज्यांचे गुणदोष पुढे वीस-पंचवीस वर्षे दररोज अनुभवावयाचे असतात, अशा वस्तूंत स्वयंपाकघरातील ओट्याचा समावेश अवश्य करावा लागेल. भिंतीचा रंग पालटता येतो, दिवे बदलता येतात. परंतु ओट्याचा दगड एकदा बसविला, त्याखाली कपाटे आणि नळ आले, म्हणजे तो उखडणे हे खर्चाचे व त्रासाचे काम होऊन बसते. असे असूनही या दगडाची निवड बहुधा रंग आणि भाव या दोनच गोष्टींवर केली जाते. दगडाची खनिज घटना कोणती, त्यावर आंबट पदार्थांचा परिणाम काय होतो, तेल त्यात कितपत मुरते, तो कापताना कोणता धुरळा उडतो आणि तो कोणाच्या छातीत जातो, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

सारवणापासून दगडापर्यंत

महाराष्ट्रातील स्वयंपाक पूर्वी बसून होत असे. मातीची चूल, तिच्या बाजूचा वैल आणि भोवतालची जमीन ही शेणमातीने सारविलेली असे. ही पृष्ठे टिकाऊ नव्हती. किंबहुना ती टिकाऊ असावीत अशी अपेक्षाच नव्हती. सारवण दररोज किंवा दोन दिवसांनी होई, आणि जे झिजले, पोपडले किंवा डागळले ते त्या सारवणाखाली पुन्हा नवे होई. वाटण्याचे काम मात्र दगडावर होई, आणि तेथेही झीज गृहीत धरलेली होती. पाटा गुळगुळीत झाला की वाटण सरकू लागे. मग पाथरवट दारी आला म्हणजे पाट्याला व जात्याला टाकी लावून घेण्यात येई. हा पाटा सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा असे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेला हा खडक कठीण व चिवट असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या टिके.

रॉकेलचा स्टोव्ह, त्यानंतर गॅसची शेगडी आणि घरात आलेला नळ यांमुळे स्वयंपाक उभ्याने होऊ लागला आणि कमरेच्या उंचीचा ओटा रूढ झाला. या परिवर्तनात एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. चिरणे, वाटणे, मळणे, तळणे, भांडी उपसणे आणि धुणे ही पूर्वी निरनिराळ्या जागी होणारी कामे आता एकाच सपाट पृष्ठावर आली. परंतु ते पृष्ठ दररोज नवे करण्याची सारवणासारखी सोय मात्र राहिली नाही. त्यामुळे झीज सोसण्याचा सर्व भार दगडाच्या अंगच्या गुणांवर पडला.

बेसाल्ट महाराष्ट्रात विपुल असूनही ओट्यासाठी तो फारसा वापरला जात नाही. या खडकात नैसर्गिक सांधे जवळजवळ असतात व अनेक थर पोकळ्यांनी भरलेले असतात. त्यामुळे लांबरुंद, अखंड व पातळ फरशी त्यातून काढणे अवघड जाते. बांधकामाचे चिरे, खडी आणि पाटे यांसाठी तो उत्तम. फरशीसाठी मात्र शेजारच्या प्रांतांकडे पाहावे लागले. कोकण व गोमंतक येथील जांभा तर सच्छिद्र व मऊ असल्याने या कामास मुळीच उपयोगी नाही. म्हणूनच मराठी घरांत आंध्रातील कडप्पा, कर्नाटकातील शहाबाद, राजस्थानातील कोटा व मकराणा आणि दक्षिणेतील निरनिराळे ग्रॅनाइट यांचा प्रवेश झाला.

दगडांची दोन कुळे

बाजारात दगडांची नावे शेकडो आहेत. परंतु ओट्याच्या दृष्टीने त्यांची दोनच कुळे मानली तरी चालेल. पहिले कूळ चुन्याचे. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडक असून संगमरवर हे चुनखडकाचेच उष्णता व दाब यांखाली झालेले रूपांतर होय. या सर्वांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट हा आहे. दुसरे कूळ सिलिकेट खनिजांचे. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचे द्रव्य, फेल्स्पार आणि अभ्रक ही खनिजे असतात. बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो विकला जातो तो शास्त्रीय अर्थाने ग्रॅनाइट नसून बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो या जातीचा खडक असतो; आंध्रातील चिमकुर्तीचा सोनेरी ठिपक्यांचा प्रसिद्ध 'ब्लॅक गॅलक्सी' हा गॅब्रोच्याच वर्गातील आहे. तथापि त्यातील फेल्स्पार व पायरॉक्सीन ही खनिजेही सिलिकेटच असल्यामुळे स्वयंपाकघरातील वर्तनाच्या दृष्टीने त्याला ग्रॅनाइटच्या पंक्तीस बसविण्यास हरकत नाही.

या दोन कुळांतील भेद दोन कसोट्यांवर स्पष्ट होतो : आम्लाची कसोटी आणि काठिण्याची कसोटी. ओट्याच्या दैनंदिन झिजेचा बहुतेक सर्व उलगडा या दोन कसोट्यांतून होतो.

आम्लाची क्रिया

मराठी स्वयंपाक आंबट पदार्थांवाचून चालत नाही. लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, दही-ताकात लॅक्टिक आणि शिरक्यात ॲसेटिक आम्ल असते. कोकम, कैरी व टोमॅटो यांचीही गणना याच वर्गात करावयास हवी. कॅल्शियम कार्बोनेटशी आम्लाचा संयोग झाला म्हणजे कर्बाम्लवायू निघून जातो, नवीन कॅल्शियम संयुग तयार होते आणि दगडाचा तेवढा अंश कायमचा नाहीसा होतो.

हा अंश किती असतो हे एका साध्या गणिताने समजेल. एका लिंबाचा रस २० मिलिलिटर आणि त्यातील सायट्रिक आम्ल ६ टक्के धरल्यास आम्लाचे वजन १.२ ग्रॅम भरते. हे सर्व आम्ल दगडाशी संयोग पावले, तर सुमारे ०.९ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळेल. दहा सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद जागेवर ही क्रिया पसरली असे मानले, तर त्या जागेचा सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा थर नाहीसा होईल. प्रत्यक्षात रस पुसला जातो, वाहून जातो. त्यामुळे क्रिया याहून पुष्कळ कमी होते. परंतु दगडाची झिलई ही अत्यंत सूक्ष्म गोष्ट आहे. पृष्ठावरील उंचसखलपणा प्रकाशलहरीच्या लांबीहून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दोन-सहस्रांश भागाहून लहान असेल, तरच प्रकाश आरशाप्रमाणे परावर्तित होतो आणि दगड चकाकतो. यास्तव वरील आकड्याच्या विसाव्या भागाएवढी झीज झाली तरी चकाकी मावळण्यास ती पुरेशी ठरते.

कडप्पाच्या ओट्यावर लिंबाची फोड काही वेळ राहिली असता जो पांढुरका गोल उमटतो, तो डाग नव्हे; ती झीज होय. त्या जागी काही चिकटलेले नाही, उलट तेथील दगड कमी झालेला आहे. म्हणूनच साबण, सोडा किंवा घासणी यांपैकी कशानेही तो गोल जात नाही. कडप्पात चिकणमाती व सिलिका यांचे मिश्रण असल्याने त्यावरील क्रिया शुद्ध संगमरवराच्या मानाने मंद असते. परंतु काळ्या रंगावर पांढुरकी खूण अधिक उठून दिसते, आणि गृहिणीचा समज होतो की आपल्या साफसफाईतच काही उणीव राहिली. वस्तुतः ती उणीव सफाईची नसून निवडीची असते. खोबरेल तेलाचा हात फिरविल्याने असा दगड पुन्हा काळा दिसू लागतो. परंतु तेलाने खडबडीत पृष्ठ तात्पुरते झाकले जाते एवढाच त्याचा अर्थ. खरा उपाय म्हणजे कारागिराकडून पुन्हा घासून झिलई देणे हाच.

ग्रॅनाइटच्या सिलिकेट खनिजांवर या आम्लांचा परिणाम जवळजवळ होत नाही. दगड विकत घेण्यापूर्वी त्याचा तुकडा मागून घ्यावा, त्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून रात्रभर ठेवावेत व सकाळी धुऊन तिरप्या उजेडात पाहावे. चकाकी अभंग राहिली तर दगड दुसऱ्या कुळातील. मंदावली तर पहिल्या कुळातील, मग त्याचे बाजारातील नाव काहीही असो. काळ्या दगडाच्या बाबतीत आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. हलक्या प्रतीचा राखी दगड काहीवेळा रंग देऊन काळा केलेला असतो. नखरंग काढण्यासाठी वापरतात त्या ॲसिटोनने भिजविलेले पांढरे फडके दगडावर घासल्यास असा रंग फडक्यावर उतरतो.

ओरखडा आणि धुळीतील वाळू

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये काठिण्याची जी श्रेणी सुचविली, तीत शंखजिऱ्यास १ व हिऱ्यास १० हा क्रमांक आहे. कॅल्साइट, म्हणजे चुनखडक व संगमरवर यांचे खनिज, तिसऱ्या क्रमांकावर येते. फेल्स्पार सहाव्या व क्वार्ट्झ सातव्या. सुरी-विळीचे पोलाद साडेपाचच्या आसपास धरता येईल. यावरून उघड होते की सुरीचा चरा संगमरवरावर व कडप्पावर पडतो. ग्रॅनाइटवर मात्र सुरीचीच धार बोथट होते. भाजी थेट ओट्यावर चिरू नये हा नियम दोहोंना लागू आहे. एकात तो दगडाच्या हिताचा, दुसऱ्यात सुरीच्या.

परंतु ओट्याचा खरा शत्रू सुरी नसून धूळ आहे. धुळीतील वाळूचे कण बहुधा क्वार्ट्झचे असतात, म्हणजे त्यांचे काठिण्य सात. मातीसकट आलेल्या पालेभाजीच्या जुड्या, बटाट्यांची पिशवी, बाहेरून आणलेला गॅसचा सिलिंडर किंवा पाण्याची घागर ही ओट्यावर ओढली गेली म्हणजे वाळूचे कण पोलादी टोच्याप्रमाणे काम करतात. चुन्याच्या दगडावर अशा सूक्ष्म रेघांचे जाळे दोन-तीन वर्षांत दिसू लागते. कोरड्या फडक्याने ओटा जोराने पुसणे हेदेखील याच कारणास्तव हितावह नाही. आधी धूळ झाडून किंवा पाण्याने धुऊन मग पुसावे.

मुरणारे डाग

झीज आणि ओरखडा यांहून डाग हा निराळा प्रकार होय. यात दगडाचा कोणताही अंश जात नाही. बाहेरचे द्रव्य सूक्ष्म छिद्रांत शिरते. चांगल्या ग्रॅनाइटचे पाणी शोषण्याचे प्रमाण वजनाच्या ०.४ टक्क्यांहून कमी असते, व घट्ट संगमरवराचे बहुधा त्याहूनही कमी. तेव्हा आम्लापुढे ग्रॅनाइट श्रेष्ठ म्हणून तो तेलापुढेही श्रेष्ठ असलाच पाहिजे, असे अनुमान काढता येत नाही. फिकट रंगाच्या, जाड कणांच्या ग्रॅनाइटवर तेलाचा कॅन वर्षानुवर्षे एकाच जागी राहिला तर तेथे काळसर वर्तुळ उमटतेच.

दगडाला लेप हवा की नको हे ठरविण्यासाठी त्यावर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. थेंबाखालचा दगड गडद झाला तर तो पाणी शोषतो असे समजावे आणि छिद्रांत मुरणारे, सिलिकॉन-संयुगांवर आधारलेले संरक्षक द्रव्य त्यास लावून घ्यावे. काळ्या, बारीक कणांच्या दगडास त्याची गरज सहसा पडत नाही. येथे एक भ्रम दूर करणे अवश्य आहे : असे संरक्षक द्रव्य तेलास व पाण्यास अटकाव करते, आम्लास नव्हे. संगमरवरास ते लावले तरी लिंबाची खूण पडावयाची ती पडतेच. मुरलेले तेल काढण्यासाठी खाण्याचा सोडा किंवा शंखजिऱ्याची पूड पाण्यात अथवा ॲसिटोनमध्ये कालवून तिचा जाडसर लेप डागावर द्यावा, वर प्लास्टिकचा कागद झाकून एक दिवस ठेवावा व नंतर तो सुकू द्यावा. लेप सुकताना तेल दगडातून लेपात ओढले जाते. जुन्या डागास ही कृती दोन-तीन वेळा करावी लागते. ॲसिटोन वापरताना शेगडी बंद असावी व खिडक्या उघड्या असाव्यात, हे वेगळे सांगावयास नको.

हळदीचा विचार स्वतंत्रपणे करणे योग्य होईल. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, परंतु तेलात विरघळते. म्हणून फोडणीच्या तेलाबरोबर ते छिद्रांत सहज शिरते. अल्काच्या सान्निध्यात त्याचा पिवळा रंग तांबडा होतो. हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू बनविण्याची जुनी पद्धती याच गुणधर्मावर आधारलेली आहे. साबण लावताच हळदीचा डाग लालसर होतो तो यामुळे. डाग वाढला असे मानण्याचे कारण नाही. हे रंगद्रव्य प्रकाशात टिकत नाही. त्यामुळे खिडकीजवळच्या ओट्यावरील हळदीचा डाग काही दिवसांत आपोआप फिका पडतो. कोपऱ्यातील अंधाऱ्या जागेवरचा मात्र दीर्घकाळ राहतो.

उष्णता, भार आणि भेग

दाबावर चालणाऱ्या कुकरचे तापमान सुमारे १२० अंश सेल्सियस, तळणीच्या कढईचे १८० अंशांच्या आसपास, तर कोरड्या तापलेल्या तव्याचे २०० अंशांच्याही वर जाते. ही तापमाने दोन्ही कुळांतील दगड सहन करू शकतात. परंतु दगड उष्णता सावकाश वाहून नेतो. तापलेल्या भांड्याखालचा भाग प्रसरण पावतो व भोवतालचा थंड भाग त्यास अडवितो. या ताणाने भेग पडावयाची तर ती दगडाच्या सर्वांत अरुंद भागात पडते. म्हणजे भांडी घासण्याच्या सिंकसाठी किंवा शेगडीसाठी कापलेल्या चौकटीच्या पुढील व मागील पट्टीत. अशा चौकटीचे कोपरे काटकोनात न कापता गोलसर कापावेत, कारण टोकदार कोपऱ्याशी ताण एकवटतो. या पट्ट्यांखाली आधारही अवश्य द्यावा.

दगडाच्या वजनाची कल्पना असणे उपयुक्त आहे. घनता २.७ धरल्यास २० मिलिमीटर जाडीच्या फरशीचे वजन दर चौरस मीटरास ५४ किलोग्रॅम होते. ३ मीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद ओट्याची फरशी जवळजवळ ९७ किलोग्रॅम भरते. केवळ लाकडी कपाटांच्या फळ्यांवर हा भार टाकणे धोक्याचे ठरते. कडप्पाच्या उभ्या फरश्यांवर ओटा पेलण्याची जी रूढ पद्धती आहे, ती या दृष्टीने सर्वथैव योग्य होय. तेथे कडप्पास आंबट पदार्थांचा स्पर्श नसतो आणि त्याची मजबुती पूर्णपणे कामी येते.

सांध्यांकडे होणारे दुर्लक्षही महाग पडते. पांढऱ्या सिमेंटने भरलेला सांधा चुन्याच्याच कुळातील असल्यामुळे आम्लाने झिजतो, त्यात पाणी मुरते आणि काळी बुरशी धरते. ओटा शक्यतो अखंड फरशीचा करावा. सांधा अपरिहार्य असेल तर तो सिंकपासून दूर घ्यावा व इपॉक्सीने भरावा.

दगडाला पर्याय

इटलीत विकसित झालेल्या पद्धतीने बनविलेला कृत्रिम क्वार्ट्झ हा अलीकडे पुष्कळ लोकप्रिय झालेला पर्याय होय. क्वार्ट्झची भुकटी व खडे कृत्रिम राळेत मिसळून, हवा काढून घेऊन, कंपन व दाब यांच्या साहाय्याने त्याची फरशी बनवितात. त्यात क्वार्ट्झचे प्रमाण वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे तो कठीण असतो, आणि छिद्रे नसल्यामुळे तेल शोषीत नाही. परंतु त्याचा बंध राळेचा आहे. सुमारे १५० अंशांपलीकडे राळ पिवळी पडते किंवा तडकते. म्हणजे कुकर कदाचित निभावेल, परंतु कढई व तवा थेट ठेवणे निषिद्ध समजले पाहिजे. उन्हात राळेचा रंग बदलत असल्याने गच्चीतील किंवा उघड्या पडवीतील ओट्यास तो योग्य नाही.

इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ मध्ये ज्या पोलादाकडे लक्ष वेधले, ते न गंजणारे पोलाद उपाहारगृहांत व इस्पितळांत सर्वत्र वापरले जाते. त्यातील क्रोमियमचा ऑक्साइड अत्यंत पातळ कवचाच्या रूपाने पृष्ठावर राहतो व ओरखडा पडला तरी हवेच्या संपर्काने पुन्हा तयार होतो. म्हणून हे पोलाद चरे दाखविते, परंतु सहसा गंजत नाही. '३०४' या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. स्वस्त '२००' श्रेणीत निकेलचा बराच भाग मँगनीजने भरून काढलेला असतो व तिची गंजरोधकता कमी असते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे पोलाद उत्तम, हा समज चुकीचा आहे; या दोन्ही प्रकारांस तो चिकटत नाही. ओले मीठ किंवा क्लोरीनयुक्त धुलाईद्रव्य रात्रभर राहिले तर उत्तम पोलादावरही सूक्ष्म खड्डे पडतात.

रोजची निगा

निगेचे नियम थोडकेच आहेत. सांडलेला आंबट पदार्थ लगेच पुसावा. तेलाच्या बरण्यांखाली ताटली ठेवावी. तापलेले भांडे चुंबळीवर किंवा जाळीवर उतरावे. सौम्य साबण व मऊ फडके यांखेरीज काही वापरू नये. ज्या गावांत विंधणविहिरीचे पाणी आहे तेथे नळाभोवती पांढरा थर साचतो. हा थर कॅल्शियम कार्बोनेटचाच असल्यामुळे लिंबाने किंवा शिरक्याने तो निघतो. ग्रॅनाइटवर हा उपाय चालेल. कडप्पावर मात्र थराबरोबर दगडही जाईल. तेथे नळाभोवतीची जागा रोज कोरडी ठेवणे हाच इलाज. फरशी साफ करण्यासाठी बाजारात मिळणारे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ओट्यावर कधीही वापरू नये. क्लोरीनयुक्त धुलाईद्रव्याशी त्याचे मिश्रण झाल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. हा धोका दगडापुरता नसून प्राणावरचा आहे.

कारागिराची बाजू

आतापर्यंतचा विचार ओटा वापरणाऱ्याच्या दृष्टीने झाला. परंतु ओट्याचा दगड कोणीतरी कापतो, त्याच्या कडा गोल करतो आणि त्यात सिंकची चौकट पाडतो. हे काम पुष्कळदा घराच्या दारातच, हातातील विजेच्या कटरने, पाण्यावाचून केले जाते. त्या वेळी उडणाऱ्या धुरळ्यातील क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसांच्या खोलवर भागात जाऊन बसतात. ते विरघळत नाहीत व बाहेरही पडत नाहीत. त्यांच्याभोवती व्रणासारखी कठीण ऊती वाढत जाते आणि श्वास अपुरा पडू लागतो. हाच सिलिकोसिस. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही, आणि अशा फुप्फुसांस क्षयाची बाधाही अधिक होते. शाळेच्या पाटीवरील पेन्सिली कापणाऱ्या मध्य प्रदेशातील मंदसौरच्या कामगारांत या रोगाने केलेला संहार व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासकांस परिचित आहे. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हा रोग कळविण्यास बंधनकारक अशा रोगांच्या यादीत घातला होता; राजस्थान शासनाने २०१९ मध्ये या रोगाने ग्रस्त कामगारांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले.

दगडाच्या निवडीशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे. संगमरवरात क्वार्ट्झ अत्यल्प असतो. डोलेराइट व गॅब्रो यांतही तो थोडाच. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये सामान्यतः २० ते ४५ टक्के. आणि कृत्रिम क्वार्ट्झमध्ये, वर सांगितल्याप्रमाणे, ९० टक्क्यांच्या आसपास. इस्राएलमधील वैद्यांनी २०१२ मध्ये कृत्रिम दगड कापणाऱ्या कामगारांतील रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील काहींवर फुप्फुसाच्या प्रतिरोपणाची वेळ आली होती. पुढे स्पेन व ऑस्ट्रेलिया येथेही तरुण कामगारांत रोगाचे तीव्र स्वरूप आढळले, आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाचे उत्पादन, विक्री, कापणी व बसवणूक यांवर बंदी घातली. बसवून झालेल्या ओट्यापासून घरातील माणसांस कोणताही धोका नाही. धोका आहे तो कापताना उडणाऱ्या धुरळ्यात, आणि तो सर्वांत अधिक कारागिराच्याच वाट्यास येतो.

हा धोका कमी करणे घरमालकाच्या हाती काही अंशी निश्चित आहे. पात्यावर सतत पाणी सोडून कापल्यास धुरळ्याचा बराचसा भाग पाण्याबरोबर खाली बसतो. सर्व मापे आधी घेऊन फरशी, चौकट व कडा यांचे काम यंत्रशाळेत पाण्याखाली करवून आणले, तर दारात कापण्याचे काम जवळजवळ उरत नाही. जे उरेल तेही पाणी सोडून, उघड्यावर व सूक्ष्म कण अडविणारा मुखपट्टा लावूनच व्हावे. तोंडाला गुंडाळलेला रुमाल हे कण अडवू शकत नाही. साठलेला धुरळा केरसुणीने न झाडता ओला करून उचलावा. यासाठी येणारा खर्च एकंदर खर्चाच्या मानाने अल्प असतो. परंतु त्याची मागणी गिऱ्हाइकाने आरंभीच केली नाही, तर भावाच्या चढाओढीत कंत्राटदार ती स्वतः होऊन करील अशी अपेक्षा धरता येत नाही.

निष्कर्ष

सारांश, ज्या घरात आंबट-तिखट स्वयंपाक रोजचा आहे तेथे बारीक कणांचा, गडद रंगाचा आणि न रंगविलेला सिलिकेट कुळातील दगड सर्वांत कमी तक्रारीचा ठरतो. 'काळा ग्रॅनाइट' या नावाने मिळणारे डोलेराइट व गॅब्रो हे आम्ल, ओरखडा व तेल या तिन्ही कसोट्यांस उतरतात आणि त्यांचा धुरळाही तुलनेने कमी अपायकारक असतो. खर्च आटोक्यात ठेवावयाचा असल्यास कडप्पा त्याज्य नाही. मात्र त्यावर पांढुरक्या खुणा पडणारच हे स्वीकारून तो घ्यावा आणि चिरण्याच्या व सिंकच्या भागापुरता तरी ग्रॅनाइटचा तुकडा बसवावा. संगमरवर देवघरास व बैठकीस शोभतो. स्वयंपाकाच्या ओट्यास नव्हे. कृत्रिम क्वार्ट्झ घेण्यापूर्वी त्यातील सिलिकेचे प्रमाण लेखी मागून घ्यावे आणि तो दारात कोरडा कापू देऊ नये. दगडाचा नमुना, त्यावरील लिंबाची परीक्षा, चौकटीचे गोल कोपरे, सांध्याची जागा आणि पाण्याखाली कापण्याची अट, या पाच गोष्टी कंत्राटाच्या कागदावर कामास आरंभ होण्यापूर्वीच लिहून घ्याव्यात.